मॅस्टोडॉनवर खातं उघडलं, आत सगळा शुकशुकाट. आता काय करू?

पानगळ
मंडळी, मदत हवी आहे. सोशल मीडियापासून आजवर चार हात लांबच होते, घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपलीकडे माझी मजल नाही. शेवाळं, बुरशी, नेचे असल्या बारीकसारीक गोष्टींचे फोटो काढायचा नाद आहे. तसलीच वेडी माणसं मॅस्टोडॉनवर भेटतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून खातं उघडलं.

सुरुवातीलाच 'सर्व्हर निवडा'. कशावरून निवडायचा? यादीतला बरा दिसला तो घेतला. 'नमस्कार, मी इथे नवीन आहे' अशी पोस्ट टाकली, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. होम उघडलं की रिकामा पडदा. एका बाईंचे फोटो आवडले म्हणून फॉलो करायला गेले, तर ते पान पुन्हा लॉगिन करा म्हणतं, आणि लॉगिन करावं तर असं खातंच नाही म्हणतं!

सगळ्यांचं असंच होतं का? आणि रोज काहीतरी पोस्ट करत राहावं लागतं का? ते मला जमणार नाही.

शंकासुर
मॅस्टोडॉन म्हणजे तो नामशेष झालेला हत्तीसारखा प्राणी ना? मग शुकशुकाट असणारच की. (दिवे घ्या)

अर्धविराम
पानगळ, तुमचं काहीही बिघडलेलं नाही. इन्स्टाग्राम, एक्स वगैरे ठिकाणी खातं उघडल्याच्या मिनिटापासून तुमच्यापुढे काहीबाही ओतायला सुरुवात होते. इथे तसं होत नाही. ज्यांना फॉलो केलंय त्यांच्या पोस्टी, ज्या वेळी पडल्या त्या क्रमाने, होममध्ये दिसतात. फॉलो कुणालाच नाही, म्हणून होममध्ये काहीच नाही.

तेव्हा पोस्ट करणं तूर्त बाजूला ठेवा. आधी प्रोफाइल भरा. खरं नाव, खरा चेहरा नको असेल तर नका देऊ, पण शेवाळाचा एखादा फोटो लावा आणि 'मी कशाचे फोटो काढते' हे दोन ओळींत लिहा. रिकाम्या प्रोफाइलला लोक उलट फॉलो करत नाहीत, स्पॅमवाल्यांची खाती नेमकी तशीच दिसतात.

मग हॅशटॅग. २०२२ च्या नोव्हेंबरात ४.० आवृत्ती आली तेव्हापासून हॅशटॅग माणसासारखा फॉलो करता येतो. टॅगचं पान उघडून फॉलोचं बटण दाबायचं, की त्या टॅगच्या पोस्टी तुमच्या होममध्ये येऊ लागतात, लिहिणारा ओळखीचा असो वा नसो. तुमच्या विषयाची तर चंगळ आहे. शेवाळवाल्यांचा 'मॉसटोडॉन' आहे, बुरशीवाल्यांचा दर शुक्रवारी 'फंगायफ्रायडे' असतो. दोन्ही रोमन लिपीत शोधा. त्यात सातत्याने चांगलं टाकणारी माणसं दिसतील, त्यांना फॉलो करा.

आणि ओळखीची पोस्ट नव्याने लिहा, 'इंट्रोडक्शन' हा टॅग लावून. नुसतं 'मी नवीन आहे' यावर कोण काय बोलणार? 'भिंतीवरच्या शेवाळाचे फोटो काढते, भिंग जोडलेला साधा फोन वापरते' असं लिहिलंत तर भिंगाबद्दल विचारणारा कुणीतरी भेटेलच.

कळफलक
पुन्हा लॉगिन मागण्याच्या गोंधळाबद्दल लिहितो, कारण नव्वद टक्के नवखे तिथेच कंटाळून जातात (टक्केवारी माझ्या मनाची).

मॅस्टोडॉन ही एक साइट नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले पुष्कळ सर्व्हर आहेत आणि ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. ही पद्धत डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २०१८ च्या जानेवारीत मानक म्हणून मान्य केली. ईमेलमध्ये तुमचं खातं एका कंपनीकडे, माझं दुसरीकडे, तरी पत्रं जातात, तसंच हे. म्हणून तर पत्त्यात दोन '@' असतात: आधी नाव, मग सर्व्हर.

तुम्ही त्या बाईंच्या सर्व्हरच्या पानावर पोचलात. तिथे तुमचं खातं नाही, तुमचं खातं तुमच्या सर्व्हरवर. तेव्हा असं करा:
त्यांच्या प्रोफाइलची लिंक कॉपी करा. स्वतःच्या सर्व्हरवर या. शोधाच्या चौकटीत ती लिंक चिकटवून एंटर मारा. तीच प्रोफाइल आता तुमच्या घरात उघडेल आणि फॉलोचं बटण मुकाट्याने चालेल. एखाद्या पोस्टला उत्तर द्यायचं असेल तरी हीच युक्ती, पोस्टची लिंक चिकटवायची. मोबाइल ॲपमधूनच सगळं वाचत असाल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

अजून एक. अशी प्रोफाइल उघडल्यावर कधीकधी जवळजवळ कोरी दिसते. बाई लिहित नाहीत असं नव्हे. तुमच्या सर्व्हरवरून त्यांना आजवर कुणी फॉलोच केलेलं नसतं, म्हणून त्यांच्या जुन्या पोस्टी तुमच्या सर्व्हरपर्यंत आलेल्या नसतात. फॉलो केलंत की पुढच्या येऊ लागतात. जुन्या बघायच्या तर मूळ पानावर जाऊन बघायच्या.

मंदगती
वाचूनच दमलो. फॉलो करायला लिंक कॉपी करा, शोधात चिकटवा... हे सोशल मीडिया आहे की स्पर्धा परीक्षा?

उचापती
मंदगती +१. पानगळताई, सरळ ब्लूस्कायवर जा, तेही असंच सोशल मीडिया आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून निमंत्रणाची भानगड नाही. 'स्टार्टर पॅक' म्हणून सोय आहे: कुणीतरी एखाद्या विषयातल्या खात्यांची यादी करून ठेवलेली असते, एका बटणात सगळ्यांना फॉलो. शुकशुकाटाचा प्रश्न पाच मिनिटांत मिटतो. शिवाय विषयवार फीड लोकांनीच बनवलेली आहेत, शेवाळाचंही एखादं असेल.

अर्धविराम
स्टार्टर पॅक उत्तम सोय आहे, नाकारत नाही. पण एका फटक्यात शंभर अनोळखी लोकांना फॉलो केलं, की होम भरतं खरं, त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नसतं. मग अनफॉलो करत बसा. दोन-चार माणसांपासून सुरुवात केली तर ती लक्षात तरी राहतात.

मंदगती
आपल्यापुढे काय ओतायचं ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमला नावं ठेवायची फॅशन झाली आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मला जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीचे व्हिडिओ आवडतात हे मलाच ठाऊक नव्हतं. अल्गोरिदमनेच ते पुढ्यात आणून टाकले. मॅस्टोडॉनवर असतो तर जन्मात कळलं नसतं, कारण जे माहीतच नाही त्याचा हॅशटॅग कसा शोधणार? नवख्याला आपल्याला काय हवंय हे धड माहीत नसतं, त्याला कुणीतरी वाढणारा लागतो.

अर्धविराम
@मंदगती, मुद्दा मान्य. पण पानगळना काय हवंय ते पक्कं माहीत आहे: शेवाळ. त्यांना वाढप्याची गरज नाही. तुमच्यासारख्याचं तिथे मन रमणार नाही, हेही खरं.

आणि नवं काही सापडतच नाही असं नाही. तिथे ते बूस्टमधून सापडतं. मी फॉलो केलेल्या माणसाने तिसऱ्याची पोस्ट बूस्ट केली, म्हणजे पुढे पाठवली, की ती माझ्या होममध्ये येते. माझ्या यादीतले बरेच लोक असेच आले. म्हणून नवख्यांनो, आवडलं की नुसता तारा दाबून पुढे जाऊ नका, बूस्ट करा. ताऱ्याने लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पोस्ट पुढे सरकत नाही.

कळफलक
किंचित दुरुस्ती: सर्व्हरच्या 'ट्रेंडिंग' पानासाठी तारेही मोजले जातात. पण होमपुरतं अर्धविराम म्हणतात तेच खरं.

गप्पिष्ट_आजोबा
मी नातीच्या मदतीने याच हत्तीवर स्वार झालो आहे. एक शंका. पोस्ट लिहिताना खाली दिसण्याचे पर्याय येतात. त्यातला 'फक्त उल्लेख केलेल्यांना' हा पर्याय म्हणजे खाजगी पत्रच ना? मी मित्राला घरचा पत्ता पाठवणार होतो.

कळफलक
आजोबा, पत्ता तिथे पाठवू नका. तो निरोप एंड-टू-एंड कूटबद्ध नसतो. तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या सर्व्हरचा चालक मनात आणलं तर तो वाचू शकतो. बहुतेक चालक असल्या फंदात पडत नाहीत, पण कुलूप नाही ते नाहीच. पत्ता, फोन नंबर यासाठी सिग्नल किंवा व्हॉट्सॲप बरं.

खारूताई
आजोबा, त्यात आणखी एक गंमत आहे. तशा 'खाजगी' निरोपात तुम्ही तिसऱ्याचं नाव '@' लावून लिहिलंत, उदाहरणार्थ 'तो @अमुक फार पकवतो', तर तो निरोप त्या अमुकलाही जातो! उल्लेख झाला की तो संभाषणात आला. माझ्यासमोर एका ग्रुपमध्ये हे घडलं आहे, त्यानंतरची शांतता सांगता येत नाही.

शंकासुर
खिक्. म्हणजे मागून बोलायची सोयच नाही. आमच्यासारख्यांनी जगायचं कसं?

गप्पिष्ट_आजोबा
धन्यवाद, थोडक्यात वाचलो. बाकीच्या पर्यायांचंही सांगा कुणीतरी.

खारूताई
'सार्वजनिक' म्हणजे सगळीकडे दिसेल, हॅशटॅगमध्ये, आणि सेटिंगमध्ये परवानगी दिली असेल तर शोधातही. 'शांत सार्वजनिक' (आधी याला अनलिस्टेड म्हणायचे) म्हणजे कुणीही पाहू शकतं, पण हॅशटॅगच्या पानावर, ट्रेंडिंगमध्ये ते वर येत नाही. मी लांबलचक उत्तरं देताना हाच पर्याय ठेवते, उगीच सार्वजनिक याद्या भरत नाहीत. 'फॉलोअर्स' म्हणजे फक्त फॉलो करणाऱ्यांना. पण सेटिंगमध्ये फॉलोची विनंती मंजूर करायची सोय चालू केली नसेल, तर कुणीही फॉलो करून ते वाचू शकतो. तेव्हा हा पर्याय वापरायचा असेल तर आधी ते करा.

उचापती
एका साध्या पोस्टला चार-चार पर्याय. मी पुन्हा सांगतो, ब्लूस्काय.

निशाचर_मी
सर्व्हर कसा निवडायचा हा मूळ प्रश्न राहूनच गेला. माझा अनुभव: पहिल्यांदा एका छोट्या, हौशी सर्व्हरवर होतो. वातावरण घरगुती, चालक स्वतः उत्तरं द्यायचा. एक दिवस त्याने 'वेळ मिळत नाही, बंद करतोय' अशी पोस्ट टाकली. मुदत दिली होती म्हणून बरं. नाहीतर अशा ठिकाणी राहणं म्हणजे भाड्याच्या घरात राहून मालकाची तब्येत विचारत बसणं.

खातं हलवता येतं, पण क्रम पाळा. आधी नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं, तिथे सेटिंगमध्ये जुन्या खात्याला 'उपनाम' म्हणून नोंदवायचं, मग जुन्या खात्यातून 'हलवा' म्हणायचं. फॉलोअर्स आपोआप नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता ती यादी मात्र स्वतः सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून नव्या ठिकाणी चढवावी लागते. म्यूट आणि ब्लॉकच्या याद्यांचंही तेच. आणि पोस्टी येत नाहीत. त्या जुन्या जागीच राहतात, सर्व्हर बंद झाला की जातात. सगळ्या पोस्टींची फाइल मागवून घेता येते, ती मी आधीच घेऊन ठेवली होती.

ही प्रक्रिया दोन्ही सर्व्हर जिवंत असतानाच होते. जुना सर्व्हर न सांगता बंद पडला तर फॉलोअर्स हलवायला कुणी उरत नाही.

अर्धविराम
म्हणून नवख्यांना मी मोठा सर्व्हर सुचवतो. मॅस्टोडॉनच्याच लोकांचा मॅस्टोडॉन डॉट सोशल आहे, नाहीतर त्यांच्या अधिकृत यादीतला कुठलाही जुना, बऱ्यापैकी माणसं असलेला. मोठ्या सर्व्हरवर हॅशटॅगही भरलेले दिसतात, कारण तिथल्या इतरांनी जगभरच्या खात्यांना आधीच फॉलो केलेलं असतं.

कळफलक
इथे असहमत. सगळे एकाच मोठ्या सर्व्हरवर गेले तर वेगवेगळ्या सर्व्हरांच्या कल्पनेलाच काय अर्थ उरला? शिवाय फार मोठ्या सर्व्हरवर तक्रारींचा निपटारा रेंगाळतो. मधल्या आकाराचा निवडा. 'अबाउट' पान उघडून तीन गोष्टी पाहा: नियम लिहिलेले आहेत का, खर्च कसा भागतो हे सांगितलंय का, आणि चालवणारा एकटा आहे की चार-पाच जण. एकटा असेल तर निशाचरांची गोष्ट आठवा.

अर्धविराम
नवखा माणूस 'अबाउट' पान वाचत बसत नाही हो. तो यादीतला बरा दिसला तो घेतो. वर लिहिलंच आहे त्यांनी.

पानगळ
:) माझ्याच धाग्यात माझीच टर. 'अबाउट' आत्ता वाचलं. तिघं चालवतात, देणग्यांवर चालतं, नियमही आहेत. राहते इथेच.

लेखणीबंद
देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी: हॅशटॅगमध्ये मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आलं की टॅग तिथेच तुटतो. दोन शब्द असतील तर मध्ये अंडरस्कोर द्या. आणि ऱ्हस्वदीर्घ बदललं की टॅग वेगळा होतो. तुम्ही 'बुरशी' लिहिलं आणि मी 'बुरशि', तर आपली भेट होणे नाही. शुद्धलेखनाच्या सरांना हे आधी कळलं असतं तर काय खूश झाले असते!

जागाही बघा. एक्सवर फुकट खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजतात, म्हणजे 'मी' हे दोन. मराठी माणूस तिथे चटकन मर्यादेला टेकतो. ब्लूस्कायवर ३००, पण तिथे 'मी' एकच धरतात. मॅस्टोडॉनवर सहसा ५००, काही सर्व्हरांवर त्याहूनही जास्त, आणि लिंक कितीही लांब असो, २३ च धरली जाते.

शंकासुर
वेलांटीचेही पैसे लावतात म्हणा की.

खारूताई
फोटोंबद्दल बोलायचं राहिलं आणि पानगळ फोटोच टाकणार आहेत, म्हणून जरा विस्ताराने. मी डोळ्यांनी वाचत नाही, स्क्रीन रीडरने ऐकते. फोटोला वर्णन जोडलेलं नसेल तर मला नुसतं 'चित्र' एवढंच ऐकू येतं. चार फोटो असले तर चित्र, चित्र, चित्र, चित्र. मॅस्टोडॉनवर फोटो जोडला की त्याच्यावरच वर्णनाची जागा येते, पुष्कळ मोठी आहे. तिथे 'सुंदर शेवाळ' लिहू नका, सुंदर मला कसं कळणार? 'ओल्या विटेवर हिरवीगार गादी, त्यातून केसाइतके बारीक तांबूस देठ वर आलेले, प्रत्येकाच्या टोकाला थेंबासारखी बोंडं' असं लिहा. मला ते दिसतं. तिथल्या लोकांना ही सवय आहे, वर्णन नसलेले फोटो बरेच जण बूस्टच करत नाहीत.

आणि नावात, पोस्टीत दहा-दहा इमोजी टाकू नका. 'हसरा चेहरा, डोळ्यांत पाणी' हे मला ओळीने दहा वेळा ऐकावं लागतं.

गप्पिष्ट_आजोबा
हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. आजच नातीला बसवून जुन्या फोटोंना वर्णनं लिहितो. आधीच्या पोस्टीत बदल करता येतो का?

कळफलक
येतो, आजोबा. पोस्टीच्या तीन टिंबांत 'एडिट'. फक्त आधी कुणी बूस्ट केली असेल तर बदल झाल्याची सूचना त्यांना जाते, आणि जुना मजकूरही इतिहासात पाहता येतो. म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते लपत नाही.

उचापती
खारूताई, दंडवत. शेवाळाचं वर्णन वाचून मलाच फॉलो करावंसं वाटलं. हत्तीवाल्यांना आजच्यापुरता एक गुण.

मंदगती
धागा भरकटतोय. मूळ प्रश्नात 'रोज पोस्ट करावं लागतं का' असंही होतं. माझं उत्तर: अजिबात नाही. मी कुठल्याच ठिकाणी लिहित नाही, नुसता वाचतो. सुखी आहे.

अर्धविराम
मॅस्टोडॉनवर रोज न लिहिल्याने काही बिघडत नाही. महिनाभर गप्प राहून लिहिलंत तरी तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या होममध्ये ती पोस्ट तिच्या वेळेवर पडणार, 'सातत्य नाही' म्हणून कुणी मागे ढकलत नाही. पण नुसतं वाचलंत तर ओळखी होणार नाहीत. मधला मार्ग म्हणजे उत्तरं द्या. दुसऱ्याच्या फोटोखाली नेमका प्रश्न विचारा. स्वतः दहा पोस्टी टाकून मिळणार नाही इतकी ओळख एका चांगल्या प्रश्नाने होते.

निशाचर_मी
आणि फॉलोअर्सचा आकडा रोज बघू नका. आधीच्या एका ठिकाणी मी सकाळी उठून तोच बघायचो. इथे यादीत पोस्टीखाली तारे-बूस्टचे आकडे ठसठशीत दिसतही नाहीत, सुरुवातीला चुकल्यासारखं होतं.

पानगळ
मंडळी, थोडी प्रगती. प्रोफाइल भरली, दोन टॅग फॉलो केले, लिंक चिकटवायची युक्ती चालली, त्या बाईंना फॉलो केलं. त्यांच्या एका फोटोखाली विचारलं, की ती बोंडं कोरडी असताना उघडतात की ओली असताना. उत्तर इतकं लांब आलं की दोन पोस्टींत मावलं! टोपण गळून पडलं की आत दातांची झालर असते, हवा कोरडी झाली की बऱ्याच जातींत ते दात बाहेर वळतात आणि बीजुकं उडतात, ओलाव्यात पुन्हा मिटतात. म्हणाल्या, उच्छ्वास हळूच सोडून भिंगातून बघ, हलताना दिसतील. तो उद्योग आज दुपारभर चालला होता. एक फोटो बरा आलाय. खारूताई, वर्णन लिहून टाकलाय, ऐकून सांगा.

अजून एक अडचण. टॅगमुळे आता होममध्ये इतकं येतंय की फॉलो केलेली माणसं त्यात हरवतात.

कळफलक
'लिस्ट' बनवा. आवडीची माणसं त्यात टाका. लिस्टच्या सेटिंगमध्ये 'यांना होममधून लपवा' असाही पर्याय आहे, तो नीट पाहून घ्या, नाहीतर माणसं गेली कुठे म्हणून नवा धागा काढाल. एखादा टॅग फारच उतू जात असेल तर तो फॉलो करण्याऐवजी वेबवरच्या प्रगत मांडणीत वेगळा स्तंभ म्हणून पिन करा, हवा तेव्हा उघडून वाचा. आणि ठरावीक शब्द नको असतील तर सेटिंगमध्ये फिल्टर आहे, त्याला मुदतही घालता येते.

खारूताई
पानगळ, ऐकलं. दातांच्या झालरीचं वर्णन फर्मास. फक्त सुरुवातीला 'या फोटोत' नको, ते यंत्र आधीच सांगतं. बूस्ट केलंय.

शंकासुर
मी पण खातं उघडलं. कुठलाच सर्व्हर मला घेईना, 'नाव नोंदवायचं कारण लिहा' म्हणतात. काय लिहू?

कळफलक
तो चालकाच्या मंजुरीचा सर्व्हर असणार, स्पॅम रोखायला ठेवतात. दोन खरी वाक्यं लिहा, माणूसच वाचतो. 'दिवे घ्या' एवढंच लिहू नका.